ऑफर ते किल्ली : इंग्लंडमधल्या घरखरेदीचा जुना हिशेब

इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडून निघणारं सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे "आमची ऑफर ॲक्सेप्ट झाली!" हे वाक्य निघालं रे निघालं की पुण्या-नाशकाला फोन जातात, तिकडे देवापुढे साखर ठेवली जाते आणि इकडचे मित्र "पार्टी कधी?" म्हणून मागे लागतात. आणि कायद्याच्या नजरेने त्या क्षणी नेमकं काय घडलेलं असतं? काहीही नाही. शून्य! विकणारा उद्या सकाळी उठून "माझा विचार बदलला" म्हणू शकतो. दुसऱ्या कुणी पाच हजार पौंड जास्त देऊ केले तर त्याला घर देऊ शकतो. आणि तुम्हीही कारण न देता पाय मागे घेऊ शकता. कुणी कुणाला एक पेनीही देणं लागत नाही.

आपल्याकडे व्यवहार ठरला की निदान इसार देतात. मग साठेखत, मग खरेदीखत, मग इंडेक्स टू. प्रत्येक पायरीवर थोडा पैसा, थोडा कागद आणि थोडी बांधिलकी. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र (स्कॉटलंडचं गणित वेगळं, त्याबद्दल पुढे) ऑफरनंतर कित्येक आठवडे बांधिलकी शून्य, आणि मग एका दुपारी फोनवर दोन मिनिटांत शंभर टक्के. या क्षणाला म्हणतात 'एक्स्चेंज'. त्यानंतर ठरलेल्या दिवशी पैसे जातात आणि किल्ल्या येतात, ते 'कम्प्लीशन'. ऑफर ते कम्प्लीशन तीन महिन्यांत उरकलं तर स्वतःला नशीबवान समजा. पाच-सहा महिने लागणं काही विशेष नाही.

पहिल्यांदा हे सगळं बघितलं की वाटतं, कसला हा अडाणी कारभार? पण जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली तर ती पुसायच्या आधी कुणी आणि का लिहिली ते शोधावं, ही आमच्या धंद्यातली सवय. तसं शोधत गेलो तर या प्रत्येक उशिराला एकेक जन्मतारीख सापडली. त्यातल्या काही चक्क शिवकाळातल्या आहेत!

ढेकूळ, साक्षीदार आणि खोट्या शपथा

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीन विकायला कागद लागतच नसे. विकणारा आणि घेणारा त्या जमिनीवर जात, विकणारा मातीचं ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातात ठेवी, शेजारीपाजारी बघत असत. झाली जमीन तुमची. या विधीला 'लिव्हरी ऑफ सीझिन' म्हणत, म्हणजे ताबा हातात देणं. आपल्या ताम्रपटांत हातावर पाणी सोडून भूमिदान केल्याचे उल्लेख येतात, त्याच जातीची ही गोष्ट. चार माणसांसमोर काहीतरी डोळ्यांना दिसेल असं करायचं, म्हणजे उद्या कुणी नाही म्हणायला नको.

अडचण अशी की ज्यांनी पाहिलं ते मरतात, विसरतात किंवा फितूर होतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये तोंडी करारांवरून खटले भरायचे आणि पैसे चारून साक्षीदार उभे करायचे, हा एक धंदाच झाला होता. त्यात भर म्हणजे खटल्यातल्या वादी-प्रतिवादींना स्वतः साक्ष देता येत नसे (हा नियम १८५१ मध्ये गेला). म्हणजे एखाद्याने दोन भाडोत्री साक्षीदार आणून "याने मला जमीन विकायचं कबूल केलं होतं" म्हटलं, तर तुम्हाला उभं राहून "नाही हो!" म्हणायचीही सोय नव्हती.

यावरचा उतारा म्हणजे १६७७ चा 'स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स'. ज्या वर्षी शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेत जिंजीपर्यंत पोचले होते, त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने ठरवलं की जमिनीच्या विक्रीचा करार लेखी आणि सही केलेला असल्याशिवाय कोर्टात चालणार नाही. उद्देश चांगलाच होता. खोटं बोलणाऱ्याला अडवायचं. पण त्याच फटक्यात खरं बोलणाऱ्याच्या शब्दाची किंमतही कायद्याने काढून घेतली. आमची आई अजून विचारते, "अरे, त्याने शब्द दिला होता ना?" दिला होता गं, पण शब्दाचा भाव इथे साडेतीनशे वर्षांपूर्वीच शून्यावर आला.

तीन शब्दांचं चिलखत

आता लेखी हवं म्हटल्यावर वकिलांना नवीन भीती. घासाघीस करताना आपण पत्रं लिहितो, त्यातलंच एखादं 'लेखी करार' म्हणून कोर्टात पुढे आलं तर? तेव्हा प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' असं लिहायची पद्धत पडली. म्हणजे, हे सगळं बोलणं खरं, पण रीतसर करार होईपर्यंत धरू नका. १८७७ मध्ये 'विन विरुद्ध बुल' या भाडेपट्ट्याच्या खटल्यात न्यायाधीश जॉर्ज जेसेल यांनी अशा शब्दांचा अर्थ स्पष्ट केला. रीतसर करार व्हायचा आहे असं म्हटलंय ना, मग करार झालेला नाही. संपलं.

हे चिलखत दोन्ही बाजूंचं रक्षण करत होतं, तोवर ठीक होतं. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये घरांच्या किमती भराभर चढल्या आणि लोकांच्या लक्षात आलं की आज ऑफर मान्य करायची, घेणाऱ्याला पुढच्या कामाला लावायचं आणि दोन महिन्यांनी जास्त भाव देणाऱ्याला घर द्यायचं, यात बेकायदेशीर काहीच नाही. याला नाव पडलं 'गझम्पिंग'. (शब्द मूळचा यिडिश असावा असं म्हणतात, अर्थ साधारण टोपी घालणे.) बाजार पडला की याचं उलटं होतं. एक्स्चेंजच्या आदल्या दिवशी घेणारा म्हणतो, "दहा हजार कमी करा, नाहीतर मी चाललो." त्याचं नाव 'गझंडरिंग'.

ओरड झाली तेव्हा प्रकरण लॉ कमिशनकडे गेलं. १९७५ च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की पद्धत आहे ती ठेवावी. कारण सर्व्हे व्हायच्या आधी, कर्ज मंजूर व्हायच्या आधी सामान्य माणसाला बांधून टाकलं तर त्याचं जास्त नुकसान होईल. पुढे १९८९ मध्ये कायदा आणखी कडक झाला. आता सगळ्या अटी एकाच कागदात (किंवा अदलाबदल केलेल्या दोन प्रतींत) हव्यात आणि सही दोघांचीही हवी, नाहीतर करार झालाच नाही. म्हणजे १६७७ ला निदान तोंडी करार हा 'करार' तरी होता, फक्त कोर्टात चालत नव्हता. १९८९ नंतर तो करारच उरला नाही.

याचा अर्थ काय, हे आम्हाला रेडिंगमध्ये पहिलं घर घेताना कळलं. ऑफर मान्य झाली, सर्व्हे केला, सॉलिसिटरने सर्च मागवले, कर्ज मंजूर झालं. सातव्या आठवड्यात एजंटचा फोन. विकणाऱ्यांना 'अधिक चांगल्या स्थितीतला' ग्राहक मिळाला होता. आमचे सर्व्हे, सर्च आणि वकिलाचं झालेलं काम मिळून बाराशेच्या वर पौंड पाण्यात. बायकोला तेव्हा सातवा महिना होता, भाड्याच्या घराची मुदत संपत आलेली, आणि पाळणा कुठल्या खोलीत ठेवायचा यावर आमची चर्चासुद्धा झाली होती. मी सॉलिसिटरबाईंना विचारलं, काही करता येईल का? त्या शांतपणे म्हणाल्या, "सहानुभूती व्यक्त करता येईल." एवढंच. त्या खरं तेच सांगत होत्या.

मग इतके आठवडे जातात कुठे?

इथे इतिहासातला दुसरा जुना निर्णय येतो, गुप्ततेचा.

१५३६ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात एक कायदा झाला होता की जमिनीचे ठरावीक प्रकारचे व्यवहार सरकारदरबारी नोंदवले पाहिजेत. तो नीट चालला असता तर इंग्लंडला पाचशे वर्षांपूर्वीच इंडेक्स टू मिळाला असता! पण जमीनदारांना आपली कर्जं आणि घराण्यातले करार जगासमोर नको होते. वकिलांनी पळवाट काढली. आधी थोड्या मुदतीचा भाडेपट्टा द्यायचा, लगेच दुसऱ्या दिवशी उरलेला हक्क त्याच माणसाला सोडून द्यायचा. दोन वेगवेगळे कागद, दोन्हींना नोंदणी लागत नाही, जमीन मात्र पूर्ण विकलेली. ही युक्ती १८४० च्या दशकापर्यंत सर्रास चालू होती. (आपल्याला वाटतं पळवाटा काढण्यात आपणच हुशार!)

नोंद नाही म्हणजे मालक कोण हे ठरवायला जुन्या दस्तांची चळत उपसावी लागणार. किती मागे जायचं? रूढीने साठ वर्षं. १८७४ मध्ये ती चाळीस झाली, १९२५ मध्ये तीस, १९६९ मध्ये पंधरा. हे काम वकिलांचं, आणि १८०४ मध्ये धाकट्या पिटच्या सरकारने वकिलांवर कर वाढवला तेव्हा बदल्यात त्यांना या कामाची मक्तेदारीच देऊन टाकली. शिवाय १८८० च्या दशकातल्या सुधारणेपर्यंत त्यांचं शुल्क बरंचसं दस्ताच्या लांबीवर ठरे. कोडच्या ओळी मोजून पगार दिला तर काय होतं हे सांगायला नको. त्या काळचे दस्त वाचलेत तर 'देत आहे, प्रदान करत आहे, बहाल करत आहे' अशा थाटात एकच गोष्ट चार वेळा लिहिलेली दिसते. मक्तेदारी मोडायला १९८० चं दशक उजाडलं. ऑस्टिन मिचेल या खासदाराने खाजगी विधेयक आणलं, सरकारला हालचाल करावी लागली आणि १९८५ च्या कायद्याने 'लायसन्स्ड कन्व्हेअन्सर' ही नवी जमात आली. आज तुम्ही सॉलिसिटर किंवा कन्व्हेअन्सर, दोघांपैकी कुणालाही काम देऊ शकता.

सरकारी नोंदवही, म्हणजे लँड रजिस्ट्री, १८६२ मध्ये सुरू झाली, पण ऐच्छिक. ऐच्छिक म्हटल्यावर कोण जातो? लंडनमध्ये सक्ती १८९७ च्या कायद्याने आली, आणि अख्ख्या इंग्लंड-वेल्समध्ये विक्रीनंतर नोंदणी सक्तीची व्हायला १ डिसेंबर १९९० उजाडला. म्हणजे इंटरनेट दाराशी येऊन उभं होतं तेव्हा! त्यामुळे आजही एखादं घर असं निघतं की जे पिढ्यान्‌पिढ्या विकलंच गेलं नाही, म्हणून नोंदलंही गेलं नाही. मग पुन्हा चळत.

मालकी आता चटकन कळते, पण बाकीचं नाही. कारण मूळ तत्त्व अजून 'घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत' हेच आहे. ठरावीक प्रश्नावलीत विकणाऱ्याला खोटं बोलता येत नाही, पण न विचारलेलं सांगायची सक्तीही फारशी नाही. म्हणून तुमचा वकील विचारत सुटतो. नगरपालिकेला विचारायचं, हा रस्ता तुमचा की खाजगी, शेजारी काही मोठं बांधकाम येतंय का, मागच्या खोलीला परवानगी होती का. पाणी कंपनीला, ड्रेनेज कुठून जातं. यॉर्कशर-नॉटिंगहॅमशरकडे असाल तर जमिनीखाली कोळशाच्या जुन्या खाणी आहेत का. यातली काही उत्तरं दोन दिवसांत येतात, काही पालिका आठवडेच्या आठवडे घेतात.

यादीत 'चॅन्सल सर्च' नावाची एक चमत्कारिक ओळ दिसेल. हसू नका. चॅन्सल म्हणजे चर्चमधला वेदीचा भाग. जुन्या काळी गावच्या चर्चच्या काही जमिनींच्या उत्पन्नातून तो दुरुस्त करायचा असे. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, त्या जमिनी खाजगी हातात गेल्या, आणि दुरुस्तीची जबाबदारी जमिनीला चिकटून राहिली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावी (शेक्सपिअरच्या आईवडिलांचं लग्न इथल्या चर्चमध्ये लागलं अशी तिथली परंपरा सांगते) वॉलबँक दांपत्याकडे अशी शेतजमीन होती. चर्चने दुरुस्तीचा खर्च मागितला, ते लढले, २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरले. २००७ मध्ये कोर्टाने दुरुस्तीचा आकडा ठरवला तो सुमारे १ लाख ८७ हजार पौंड. कोर्टखर्च वेगळा. शेवटी त्यांना ते शेत विकावं लागलं. ऑक्टोबर २०१३ नंतर अशी जबाबदारी नोंदवहीत नसेल तर नव्या खरेदीदाराला ती सहसा लागू होत नाही, पण सवय म्हणून असेल किंवा धास्ती म्हणून, अनेक वकील अजूनही हा सर्च करतात किंवा छोटासा विमा घ्यायला लावतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या धर्मकारणाचं बिल असं तुमच्या फाइलमध्ये येतं.

सर्व्हेबद्दलही एक गोष्ट. बँक घराची किंमत बघायला माणूस पाठवते, तो सर्व्हे नव्हे! तो बँकेच्या पैशासाठी असतो. 'स्मिथ विरुद्ध बुश' या खटल्यातल्या बाईंनी अशाच व्हॅल्युएशनवर विसंबून घर घेतलं. खालच्या मजल्यावर चिमणीचा आधार पूर्वी कुणीतरी काढून टाकला होता, वरचा भाग तसाच अधांतरी. तो एके दिवशी छत फोडून खाली आला. १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने व्हॅल्युअरला जबाबदार धरलं, बाईंना भरपाई मिळाली. पण त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावं लागलं. स्वतःचा सर्व्हेअर लावायला त्यामानाने फार कमी पैसे पडतात. घर जुनं असेल, वाढवलेलं असेल तर सगळ्यात सविस्तर, म्हणजे 'लेव्हल थ्री' सर्व्हे करावा.

एक्स्चेंज : तो एक फोन

कराराच्या दोन सारख्या प्रती. एकीवर तुमची सही, एकीवर विकणाऱ्याची. दोन्ही प्रती अदलाबदल झाल्या की करार पक्का, त्याआधी नाही. १९४७ मधल्या एका खटल्यात घेणाऱ्याने सही केलेली प्रत पोस्टाने पाठवलीसुद्धा होती, विकणाऱ्यांची सही झालेली प्रत त्यांच्या वकिलाच्या टेबलावर होती, पण ती निघण्याआधी त्यांनी घर दुसऱ्याला विकलं. कोर्ट म्हणालं, अदलाबदल झाली नाही, करार नाही. १९८० च्या सुमारास कोर्टाने फोनवरून एक्स्चेंज मान्य केलं, आणि लॉ सोसायटीने त्यासाठी ठरावीक वाक्यांचे साचे बनवले. फॉर्म्युला ए, बी आणि सी.

यातला 'सी' खास साखळीसाठी. कारण तुम्ही ज्याचं घर घेताय तो दुसऱ्याचं घेतोय, तो तिसऱ्याचं. सगळ्यांना आपलं विकल्याशिवाय पुढचं घेता येत नाही. डेटाबेसवाल्या मंडळींच्या लक्षात आलंच असेल, हा सरळसरळ टू-फेज कमिट आहे. आधी साखळीच्या तळापासून वरपर्यंत "तयार आहात ना, ठरावीक वेळेपर्यंत थांबाल ना?" असं विचारत जायचं, सगळे हो म्हणाले की वरून खाली कमिट. एक कुणी अडकला की अख्खी साखळी रोलबॅक. फरक एवढाच की आपल्याकडे रोलबॅक फुकट असतो.

एक्स्चेंजला साधारण दहा टक्के रक्कम द्यावी लागते, आणि त्यानंतर तुम्ही माघार घेतलीत तर ती गेली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १८०१ मध्ये 'पेन विरुद्ध मेलर' खटल्यात करार झाल्यावर, पण खरेदीखत व्हायच्या आधी, घरं जळून गेली. लॉर्ड एल्डन म्हणाले, करार झाला त्या क्षणापासून न्यायाच्या दृष्टीने घरं घेणाऱ्याची, तेव्हा पैसे घेणाऱ्याने द्यायचे. आजही प्रचलित छापील अटींनुसार एक्स्चेंजपासून धोका तुमचा. किल्ली नाही, ताबा नाही, पण आग लागली तर तुमचं घर जळालं! म्हणून घराचा विमा एक्स्चेंजच्या दिवसापासून हवा, कम्प्लीशनच्या नव्हे.

गंमत म्हणजे इंग्रजांनी आपल्यासाठी कायदा लिहिला तेव्हा नेमकं हेच तत्त्व गाळलं. १८८२ चा ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट, कलम ५४ : विक्रीच्या कराराने, म्हणजे आपल्या साठेखताने, मालमत्तेत कुठलाही हक्क आपोआप निर्माण होत नाही. आणि कलम ५५ प्रमाणे नुकसान घेणाऱ्याच्या माथी येतं ते मालकी गेल्यानंतर. म्हणजे त्याच साहेबाच्या कायद्याखाली सांगलीत साठेखतानंतर घर जळालं तर एक हिशेब आणि रेडिंगमध्ये जळालं तर दुसरा.

कम्प्लीशन आणि त्यानंतर

एक्स्चेंज ते कम्प्लीशन पूर्वी महिनाभर असे, कारण तेवढ्यात दस्त तपासून नवं खरेदीखत लिहायचं असे. आता ते काम आधीच झालेलं असतं. हल्ली हा काळ एक-दोन आठवडे, कधी तर त्याच दिवशी. उरलाय तो सामानाच्या गाडीसाठी.

शेवटच्या दिवशी पैसे वकिलाकडून वकिलाकडे, साखळीतल्या एकेका घरावरून पुढे सरकतात. लोक हौसेने शुक्रवार निवडतात. बँकेत काही अडलं तर शनिवार-रविवार सामानासकट रस्त्यावर. शक्य असेल तर मधला वार घ्या. आणि चोरांनाही शुक्रवार ठाऊक असतो. वकिलाच्या ईमेलमध्ये शिरून "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असा निरोप पाठवायचा, ही इथे सर्रास होणारी फसवणूक आहे. खाते क्रमांक पहिल्या भेटीत लिहून घ्या आणि पैसे पाठवण्याआधी त्यांच्या मूळ नंबरवर फोन करून पडताळा. आयुष्यभराची बचत आहे, दोन मिनिटं लागतात.

किल्ली मिळाली तरी कायद्याने मालक तुम्ही नोंद झाल्यावरच होता. स्टँप ड्यूटीचं विवरण १४ दिवसांत द्यायचं असतं. नोंदणीचा अर्ज जाईपर्यंत मध्ये दुसऱ्या कुणाची नोंद घुसू नये म्हणून वकील आधीच ३० कामकाजी दिवसांचं 'कुलूप' लावून ठेवतो. कम्प्लीशन आणि नोंदणी एकाच क्षणी व्हावी असं स्वप्न २००२ च्या कायद्यात होतं. २०११ मध्ये त्या प्रकल्पातलं विजेच्या वेगाचं हस्तांतर बासनात गेलं.

हे बदलत का नाही?

प्रयत्न झाले. २००७ मध्ये 'होम इन्फर्मेशन पॅक' आलं. विकणाऱ्यानेच सर्च आणि कागद आधी तयार ठेवायचे. पण त्यातला सर्वात उपयोगी भाग, घराच्या स्थितीचा अहवाल, सक्तीतून आधीच वगळला होता. मे २०१० मध्ये नव्या सरकारने ते बंदच केलं. स्कॉटलंडने मात्र डिसेंबर २००८ मध्ये 'होम रिपोर्ट' आणला तो टिकला, आणि तिथे वकिलांची पत्रं जुळली की व्यवहार बराच लवकर बांधला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सरकारने पुन्हा तोच विषय सल्लामसलतीला काढला : माहिती आधी द्या, आणि लवकर बांधून घेण्याची सोय करा.

माझं मत विचाराल तर १९७५ चा तो निष्कर्ष तेव्हाही अर्धाच बरोबर होता. घाईत बांधलं जाऊ नये हे खरं. पण ते स्वातंत्र्य फुकट नाही, आणि त्याचं बिल नेहमी एकाच बाजूला जातं. सर्व्हेचे पैसे घेणारा देतो, सर्चचे घेणारा देतो, कर्जाच्या मंजुरीची मुदत (बहुधा सहा महिने) घेणाऱ्याची संपते. ज्याच्याकडे दुसरं घर नाही, आईवडील सातासमुद्रापार आणि व्हिसाची तारीख डोक्यावर, त्याला ते सगळ्यात जास्त टोचतं. १६७७ मध्ये ज्याला खोट्या साक्षीदारापासून वाचवायचं होतं, तोच माणूस आज उघड्यावर आहे.

तोवर आपल्या हातात एवढंच. ऑफर मान्य झाली की एजंटला घराची जाहिरात काढायला सांगा, ते लेखी घ्या. साखळी किती लांब आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. सर्व्हेचा निकाल चांगला आल्यावर मगच महागडे सर्च मागवा. एक्स्चेंज होईपर्यंत भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका, सोफा घेऊ नका, मुलांच्या शाळा बदलू नका. एक्स्चेंजच्या सकाळी विमा. आणि सगळं झाल्यावर लँड रजिस्ट्रीची प्रत येते, ती पेटीत टाकायच्या आधी नीट वाचा. आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, पासपोर्टवर एक, बँकेत दुसरं, आणि इथला कारकून तिसरंच टाइप करतो. चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचा तुमच्या शब्दावर नाही, त्या कागदावरच विसंबणार आहे.